सांगितलं तेवढंच करणारे ढोबळे सर

ढोबळे सरांना ‘जरा चहा आणा’ म्हटलं, की ते किराणा दुकानातून चहापत्तीचा पुडा आणून तुमच्या टेबलावर ठेवत. आपण चिडलो की तेच गंभीर तोंड. “तुमी सांगतलं तेवढंच केलं ना गा! मशीन तरी काय करते?”

सर आमच्या शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवत. रोबोंचे संच मात्र काचेच्या कपाटात कुलूपबंद. मुलांचे हात लागले तर खराब होतील, असं हेडमॅडमचं म्हणणं. मग सर एखाद्या पोराच्या डोळ्यांवर रुमाल बांधत. तो रोबो. बाकीच्यांनी सूचना देत त्याला दारापर्यंत न्यायचं. ‘चाल’ म्हटलं की पोरगा थेट भिंतीवर. “काहून धडकला? थांब म्हणून कोणी सांगतलं का त्याले?” वर्ग हसता हसता शिकायचा. शेजारी माझ्या व्याकरणाच्या तासाला मुलं जांभया देत, हेही सांगून टाकतो.

प्रवेशाच्या दिवसांत मॅडम म्हणाल्या, “सर, पालकांना लॅब दाखवा. जे आहे ते सांगा.”

सरांनी सांगितलं. “हे कपाट. किल्ली मॅडमजवळ राहते. दोन वर्षांत एकाही पोट्ट्यानं यातल्या मोटारीले हात लावला नाही.”

महिनाअखेरीस सरांना घरी बसवलं. आता त्या तासाला पडद्यावर व्हिडिओ लागतो. कपाट अजून बंदच आहे. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे मिठाची गुळणी धरून बसलो. त्यात मीही होतो.

दिवाळीनंतर सक्करदऱ्याला त्यांच्या खोलीवर गेलो. सर एकटेच राहतात. टेबलभर पुठ्ठ्याच्या गाड्या, मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी बसवलेल्या. प्रत्येक गाडीवर एका मुलाचं नाव. अख्खी सातवी ब तिथे उभी होती.

“पोट्टे इचारतेत का गा मले?”

“रोज,” मी म्हणालो.

साफ खोटं. मुलांना व्हिडिओ आवडतात, सरांचं नाव कोणी काढत नाही. माझ्या साध्या वाक्यातही चूक शोधणारा हा माणूस. कोण विचारतं, काय विचारतं, काहीएक न विचारता “बरं” म्हणाला आणि आत गेला.

थोड्या वेळाने सर चहा घेऊन आले. कमी साखरेचा, आलं ठेचून घातलेला, मला लागतो तसा. पहिला घोट घेताना मला माझीच लाज वाटली.

मी चहा मागितला नव्हता.