बदामच्या राणीबाबत खुलासा

ज्या कंपनीकडे लपवण्यासारखे काहीच नसते, तिच्यावर लोकांचा संशय सर्वांत जास्त असतो. तांब्याच्या त्या छोट्या खाण कंपनीचे सेक्रेटरी हे पुरते जाणून होते. म्हणून भागधारकांनी ‘खाणीत चाललंय काय?’ असा ओरडा सुरू करताच त्यांनी खाणीत कॅमेरा बसवला आणि सर्वांना घरबसल्या खाण पाहण्याची सोय करून दिली.

सुरुवातीला पडद्यावर नुसता काळोख दिसला. (काळोख अस्सल होता, लेखापरीक्षकांनी तसे प्रमाणपत्र दिले.) तरी कुरकुर झालीच. मग कॅमेरा खाणीच्या तोंडाशी, उजेडात आणला. तिथे मुकादम आणि तीन कामगार पत्ते कुटत बसलेले.

सेक्रेटरींना वाटले, आता बोंबाबोंब होणार! ती झाली, पण भलतीच. ‘मुकादमाने बदामची राणी का टाकली?’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. सेक्रेटरींनी रीतसर खुलासा काढला : ‘सदर राणी भागधारकांचे दीर्घकालीन हित ध्यानात घेऊनच टाकण्यात आली.’ सर्वांचे समाधान झाले. शेअरचा भाव चढला. ब्याऐंशी टक्के भागधारकांनी व्यवस्थापनावर पूर्ण विश्वास व्यक्त केला. उरलेल्यांचा विश्वास मुकादमाच्या भिडूवर होता.

वार्षिक सभेत मात्र सेक्रेटरींची सख्खी आत्या उठून उभी राहिली. भाच्याच्या शब्दावर तिने निवृत्तीची सगळी पुंजी इथे घातली होती.

“खेळ छान चाललाय हो,” ती म्हणाली, “पण खोदता कधी?”

सभागृह चपापले. अध्यक्षांनी सावकाश चष्मा पुसला.

“बाई, खोदायचं म्हणजे माणसं खाली जाणार. खाली गेली की कॅमेऱ्यात दिसणार नाहीत. पारदर्शकतेशी तडजोड? माझ्या हयातीत तरी नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. न खोदण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (आत्याचा हात खाली होता, तो संमतीनेच खाली असल्याची नोंद झाली.)

चहाच्या टेबलापाशी आत्याने भाच्याचे कोपर धरले.

“तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. खाली तांबं आहे का रे?”

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिले. नोकरी गेली तर घरी काय सांगणार? पण आत्या कोपर सोडेना. शेवटी ते तिच्या कानाशी वाकले.

“नुसती माती आहे गं. आजच विकून टाक.”

कंपनीच्या इतिहासातले हे पहिले संपूर्ण खरे निवेदन. ते करून झाल्यावर सेक्रेटरींना इतके हलके वाटले, की त्यांनी दोन बिस्किटे जास्त खाल्ली.

आत्याने त्याच दुपारी शेअर विकले, तेही चढ्या भावाने. (भाच्याशी मात्र ती बरेच दिवस बोलली नाही.) विकत घेणारे गृहस्थ चांगले शिकलेसवरलेले होते; असल्या कंपन्यांचे किस्से ऐकून पोट धरून हसणारे. व्यवहारापूर्वी त्यांनी सगळी चौकशीही केली होती. तुम्ही तुमचे शेअर घेताना केलीत, अगदी तेवढीच.