चुकल्याचा एक पॉइंट

ऑस्ट्रेलियात कायमचं जायच्या व्हिसाला पासष्ट पॉइंट लागतात. नॉरबर्टला पाच कमी पडत होते, आणि हे मस्कतच्या अल खुवैरमधल्या त्याच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. अकरा वर्षं तो कंपनीचं स्टोअर एकहाती सांभाळत होता. ओमानच्या व्हिसावर मात्र हुद्दा होता ‘हेल्पर’. खरं काम काय, ते साहेबाने पत्रात लिहून दिलं की पाच पॉइंट वाढणार होते.

साहेब डॅरेन, मूळचा मेलबर्नचा. त्याने अल हैलच्या वाळूत पोरांसाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब काढला होता. बॉल लिंबासारखा, एका बाजूला अठरा खेळाडू, गोलला चार खांब. पोरं मात्र एकूण अकरा.

“यल्ला नॉरबर्ट, पोरं आण. मग तुझं पत्र.”

नॉरबर्टने सुरुवात खालच्या मजल्यावरच्या रामकृष्णपासून केली. तो एसी दुरुस्तीचा फोरमन, गाव देवगडकडचं.

“मधल्या दोन खांबांतून बॉल गेला की सहा पॉइंट. जरा बाजूने गेला, चुकला, तरी एक.”

“चुकला तरी? ऑस्ट्रेलियावाले देतात?” रामकृष्णचा आवाज खाली आला. “पॉइंट पोराला, की आईबापालापण धरतात?”

हा प्रश्न नॉरबर्टच्या डोक्यात शिरेपर्यंत रामकृष्णच्या पोराचं, सागरचं नाव लिहून झालं होतं. मग त्याने खुलासा केला नाही, आणि बातमी बिल्डिंगभर फिरली. पुढच्या शुक्रवारी चोपन्न पोरं आली. त्यांतला एक एकतीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन होता, मिशी काढून आलेला.

डॅरेन हरखला. नॉरबर्टला त्याने पांढरा कोट आणि दोन निशाणं देऊन गोल अंपायर केलं. गोल झाला की दोन्ही हलवायची, चुकला की एक.

सीझन संपल्यावर रामकृष्णने थेट साहेबालाच गाठलं. “सर, सागर का टोटल पॉइंट?”

“सिक्स्टी-सेव्हन! ब्रिलियंट!”

रामकृष्णच्या बायकोला, मंगलाला तिथेच रडू फुटलं. घरी जाऊन तिने फ्रिज शेजारच्या हुसैनमियाँना देऊन टाकला. दोन दिवसांनी व्हिसाचा एजंट त्यांच्या तोंडावर हसला.

“पॉइंट मिळतात म्हणालास ना रे?” रामकृष्णने नॉरबर्टला जिन्यातच धरलं.

“मिळाले की! खोटं कुठं बोललो?”

पोरं गळाली. क्लब बसला, तसा डॅरेन बदली घेऊन मेलबर्नला निघून गेला. जाताना पत्र देऊन गेला. नॉरबर्टच्या बायकोने, मेरीने ते वाचलं: नॉरबर्ट हा अत्यंत प्रामाणिक गोल अंपायर आहे.

“आणि स्टोअरचं कुठंय?”

“मागे बघ.”

मागे कोरं होतं.

शुक्रवारी सवयीने कोट चढवून नॉरबर्ट अल हैलला गेला. खेळायला त्याचा इव्हान आणि सागर, दोघंच. सागरला बिचाऱ्याला खेळच आवडला होता. त्याने लाथ मारली. बॉल खांबाला घासून बाहेर गेला.

“अंकल, गोल?”

“चुकला,” नॉरबर्टने एकच निशाण हलवलं. “एक पॉइंट.”

“घे,” गाडीला टेकून उभा असलेला रामकृष्ण म्हणाला. “आता चारच कमी.”