पेशकारसाहेबांची अस्मानी मोटार

मोटारीला कोणता रंग द्यावा यावर गल्लीतल्या एकूण एक माणसाचा लेखी जबाब घेणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. नाव सोनकांबळे, पण सगळी गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणायची. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले आणि निलंग्याच्या तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. तहसीलदारसाहेबापुढं कागद ठेवायचा आणि सही झाली की उचलायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. नोकरी सुटली, कागद काही सुटला नाही.

माझाही जबाब झाला. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा भाडेकरू, रोज सकाळी तोंड बघणारा, तरी नाव, वय, पेशा सगळं विचारून घेतलं. मी म्हणालो, पांढरा द्या. ‘सबब?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ऊन कमी लागतं. ते त्यांनी लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि तारीख टाकायला लावली. आठ दिवस हा उद्योग चालला. दूधवाल्याचा जबाब झाला, टँकरच्या ड्रायव्हरचा झाला, घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांचाही झाला. बहुमत पांढऱ्याला मिळालं. साहेबांनी सगळे जबाब सुतळीनं बांधून कपाटात ठेवले आणि अस्मानी रंग मंजूर केला.

लातूरला जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. रस्ते खोदलेले, कचेऱ्यांच्या इमारती अर्ध्या उठलेल्या, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. दुपारी बारानंतर सगळं गाव पांढरट उन्हात तरंगत असायचं. कुत्रं भुंकायचं नाही, पान हलायचं नाही, खोदलेल्या रस्त्यांचा फुफाटा हवेतच थांबून राहायचा. अशा वेळी खिडकीतून पाहावं तर पेशकारसाहेब लुंगी-बनियनवर एकटेच त्या मोटारीभोवती हळूहळू फिरत असायचे. पाच पावलं टाकायची, थांबायचं, पत्र्यावरून तळवा फिरवायचा. मी जागा आहे की हे झोपेत बघून राहिलोय, असं मला खूपदा वाटायचं.

मोटार वीस वर्षांची जुनी आणि कितव्या हातची ते देव जाणे. साहेबांना ती चालवता येत नव्हती. गल्लीत मोटार चालवता येणारा मी एकटा, तेही मामाच्या जीपवर शिकलेला. मग ही घेतली कशाला, तर सुजाताला आणायला.

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. जळकोटला सरकारी दवाखान्यात नर्स. दोन वर्षांखाली तिनं तिथल्याच एका शाळामास्तराशी रजिस्टर लग्न केलं आणि वडिलांना नंतर पत्रानं कळवलं. पोरात खोट काढायला जागा नव्हती. पगारदार, निर्व्यसनी, स्वभावानं गरीब. साहेबांचं दुखणं वेगळंच होतं. ज्यानं तीस वर्षांत मंजुरीशिवाय टाचणी हलवली नाही, त्याच्या घरातला एवढा मोठा फैसला परस्पर झाला होता. त्यांनी पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘दाखलदफ्तर’ असं लिहिलं, म्हणजे हे प्रकरण कायमचं बंद, आणि तेच पत्र लेकीला परत पाठवलं. असा माणूस. मला हे कळलं तेव्हा इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता तिला दिवस गेले होते. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मधूनमधून यष्टीनं जळकोटला जाऊन यायच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सुजातानं निरोप धाडला होता की आई न्यायला आली तर मी येणार नाही, बाबांनी स्वतः यावं. आणि काकूंचं म्हणणं असं की आणायचं तर सातवा सरायच्या आत, आठव्यात बाईला हलवत नाहीत. साहेबांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं, पंधरा दिवसांत कुठूनशी ही मोटार आणली आणि जाहीर केलं, की एवढ्या खराब रस्त्यानं पोरगी यष्टीत येणार न्हाई, आपल्या मोटारीत येईल, फक्त एकदा रंग होऊन जाऊ द्या.

तेव्हा सहावा नुकताच लागला होता.

जिल्ह्यात रंगारी काय कमी होते? पण साहेबांना स्वतःच्या हातानं रंग द्यायचा होता, आणि आयुष्यात त्यांनी शाईशिवाय दुसऱ्या कुठल्या रंगाला हात लावलेला नव्हता. आधी जुना रंग घासून काढायचा. त्याला पाणी लागतं. रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या, की प्यायला न्हाई आन् हे मोटारीला आंघोळ घालून राहिलेत. साहेबांनी त्याच दिवशी स्वतःची आंघोळ बंद केली. ओल्या पंच्यानं अंग पुसायचे आणि त्यांच्या वाट्याची बादली मोटारीला. पुढं कुणाची बोलायची सोय राहिली नाही. जवळ उभं राहायचीही फारशी राहिली नाही.

मग त्यांनी कपाशीवर औषध मारायचा पंप पाठीला लावून रंगाचा पहिला हात दिला. पंप आधी थोडा वेळ गुरगुरला आणि मग शेजारच्या कोंबडीसकट सगळं निळं झालं. ती कोंबडी पुढं महिनाभर गल्लीत साहेबांची मोटार म्हणूनच ओळखली जायची. पंप गेला, ब्रश आला. ब्रशचा हात बरा बसला, तर फुफाटा येऊन चिकटला. त्यावर इलाज म्हणून साहेबांनी चार मच्छरदाण्या जोडून शिवल्या आणि मोटारीवर टांगल्या. त्यातली एक माझी होती. मी डासांना रक्त पाजत होतो आणि मोटार पांढऱ्या जाळीत निवांत झोपली होती.

पण खरं सांगू? तसं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. भर दुपारी त्या जाळीतून आत बघितलं की कुठं तरी दूर, पाण्याच्या तळाशी, एक निळी वस्तू पडून आहे आणि एक म्हातारा तिला हळूच गोंजारतोय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी वावटळ आली. जाळी ओल्या टपावर पडली आणि उचलली तेव्हा सगळ्या टपावर मच्छरदाणीची वीण उमटली होती. साहेबांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाले, पुन्हा घासावं लागंल.

हे ‘पुन्हा’ मग संपेचना. रंग साहेब स्वतःच मिसळायचे, चहाच्या कपानं मापून, त्यामुळं दर खेपेचा निळा वेगळा यायचा. एक दार पहाटेचं, दुसरं दुपारचं, डिकी संध्याकाळची. मी म्हणालो, साहेब, झकास दिसून राहिलीय, चला आता. ते म्हणायचे, हाव, निघू की, तेवढी डाव्या अंगाची तजवीज राहिलीय. डावं झालं की उजवं. सहावा गेला. सातवा अर्धा गेला. काकू रोज भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभ्या राहायच्या आणि दिवस मोजून आत जायच्या.

सातवा सरायला तीन दिवस राहिले त्या सकाळी साहेब चौथा हात देत होते. काकू ओसरीवरून उतरल्या, जाळी वर केली आणि त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. मी भिंतीपलीकडं दात घासत होतो.

“मोटार झाली, तिला तीन हप्ते झाले,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला पोरीम्होरं उभं राहायचं भ्या वाटून राहिलंय. रंगाचं नाव कशाला सांगता?”

बोटांना रंग लागलेला, तो साहेब अंगठ्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, “तिनं त्या पत्रावरचा माझाच शेरा वाचून दाखवला तर मी काय बोलू?”

काकूंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, की उद्या सकाळी तुम्ही ह्यांना घेऊन जा. तुम्ही पण चला, असं मी म्हणालो तर त्या म्हणाल्या, मी आले तर हे माझ्या आड उभे राहतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वरचा हात अजून चिकट होता. साहेब धुतलेलं धोतर नेसून माझ्या शेजारी बसले. काचा खाली करूनही आत ऑइलपेंटचा वास इतका होता की माझं डोकं गरगरायला लागलं.

दवाखान्यामागच्या क्वार्टरपुढं गाडी थांबली. जावई धावत बाहेर आले, जयभीम केला, पाण्याचा तांब्या पुढं धरला. साहेब गाडीला टेकून उभे. त्यांनी जावयाला रंगाचे हात किती दिले ते सांगितलं, मच्छरदाणीचं सांगितलं, रॉकेल किती घालावं तेही सांगितलं. तो बिचारा मान हलवत राहिला. तेवढ्यात सुजाता पिशवी घेऊन दारात आली. पोट पुढं, चेहरा उतरलेला, डोळे मात्र थेट बापाचे. तिनं मोटारीला सावकाश एक फेरी मारली.

“तुम्ही दिला रंग?”

“हाव.”

ती दार उघडून आत बसली. अर्धं मिनिट झालं असेल. तोंडाला पदर लावून बाहेर आली, लिंबाच्या बुडाशी गेली आणि भडाभडा ओकली. जावयानं पाठ धरली. साहेब जागच्या जागी उभे. दोन महिने ज्या माणसानं आंघोळ केली नाही, त्याचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. “माझंच चुकलं,” ते माझ्याकडं बघून म्हणाले, जणू मीच त्यांचा तहसीलदार होतो.

सुजातानं चूळ भरली. मोटारीतून काही मी येणार नाही, म्हणाली, वासानं जीव जाईल. अकराची लातूर यष्टी आहे. मग बापाकडं न बघता म्हणाली, “तुम्ही शेजारी बसणार असाल तर येते.”

अशा रीतीनं पेशकारसाहेब लेकीसोबत यष्टीत बसले आणि मी रिकामी मोटार घेऊन यष्टीमागं निघालो. पुढं लाल गाडी, तिच्यामागं धुरळ्याचा लोट आणि त्या लोटात मी. चिकट रंगावर दोन तालुक्यांची माती बसत होती. ओव्हरटेक करता आलं असतं, पण केलं नाही. ऊन असं चढलेलं की रस्ता लांबवर पाण्यासारखा हलत होता आणि यष्टी त्या पाण्यात शिरून नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची.

उदगीरला गाडी दहा मिनिटं थांबली. साहेब उतरून माझ्या खिडकीशी आले. अजून काय बोलली न्हाई, म्हणाले. मी विचारलं, तुम्ही बोललात? न्हाई, म्हणाले, दोघं बी खिडकीतून बघून राहिलोत. मी भडकलो. म्हणालो, साहेब, बाप तुम्ही आहात, आधी तुम्ही बोला, ह्याला काय दरखास्त द्यावी लागते का? ते मान हलवून परत गेले.

नळेगावला ते पुन्हा उतरले. टोपी हातात होती. “म्हणलो, पोरी, मी लई वाईट लिहिलं होतं,” ते म्हणाले. “ती म्हणली, मी ते पत्र फाडलं न्हाई, जाळलं. बरं केलंस म्हणलो.” मग काय झालं, मी विचारलं. ते म्हणाले, “मग ती रडली. मी बी.” आणि घाईनं परत गेले, कारण कंडक्टरनं घंटी मारली होती.

लातूरच्या स्टँडवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. यष्टीतून सगळी माणसं उतरली, बोचकी उतरली, टपावरची सायकल उतरली. हे दोघं काही उतरेनात. मी धावत खिडकीशी गेलो.

सुजाता बापाच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात त्यांच्या धोतराच्या सोग्यात. साहेब ताठ बसले होते, मान एका बाजूला वाकडी, श्वास सुद्धा जपून घेत होते. दारात कंडक्टर तिकिटाची पेटी छातीशी धरून उभा होता.

“गाडी डेपोत लावायची हाय म्हणून राहिलेत,” साहेब ओठ न हलवता मला म्हणाले. “मी म्हणलो, लावा की. आम्ही डेपोत येतो.”

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला सावकाश चल असं खुणेनं सांगितलं. यष्टी त्या दोघांना घेऊन डेपोकडं वळली आणि मीही मोटार चालू करून तिच्यामागं हळूहळू निघालो.