नार्वेकरांची रुसलेली डिस्क

नार्वेकर गाडीचं काम करायला इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरतात. नीट भांग, तोंडाला पावडर. सुकापूरच्या आमच्या सोसायटीत बाकीचे लोक लग्नालाही इतके नीटनेटके जात नाहीत. खाली आले की बॉनेटवर हात ठेवून आधी गाडीला विचारतात, "काय बाई, झोप झाली का?" मग पाइप लावून तिला आंघोळ. हे रोज. वॉचमनला गुड मॉर्निंग त्यानंतर.

आता स्पष्टच सांगतो, मी या माणसावर जळतो. त्यांची जुनीपुराणी गाडी लखलखते आणि माझ्या नव्या गाडीकडे कावळेसुद्धा आदराने बघत नाहीत, हे एक झालंच. पण खरं दुखणं आईचं आहे. माझ्या आईला हा साठी उलटलेला ब्रह्मचारी शेजारी 'आई' म्हणतो आणि ती त्याला 'अनंता' म्हणते. थालीपीठ केलं की पहिलं अनंताला. का, तर तो आवडीने खातो. मी काय रडत खातो?

दर रविवारी सकाळी नार्वेकर टोपी घालून निघायचे. "कर्नाळ्याच्या अभयारण्यापर्यंत जाऊन येतो. हिचे पाय मोकळे होतात." तासाभराने आमच्याकडे हजर. "आज स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला, आई! काय शेपूट, काय शेपूट!" आई गालावर हात ठेवून ऐकत बसायची. मी तिला ऑफिसमधलं काही सांगायला लागलो की तिला कुकरची शिट्टी ऐकू येते.

तर त्या आठवड्यात आईला पेणच्या मावशीकडे जायची हुक्की आली. मी लगेच म्हटलं, "रविवारी मी नेतो."

"नको बाई. तू गाडीत फोनवर भांडतोस. अनंता नेईल." ती समोर थालीपीठ खात बसलेल्या नार्वेकरांकडे वळली. "काय रे, नेशील ना?"

"नेईन की!" नार्वेकर म्हणाले, पण घास हातातच राहिला. मला वाटलं, मिरची लागली असेल. बरं वाटलं.

शनिवारी सकाळी पार्किंगमधून ठकठक ऐकू आली. नार्वेकरांची गाडी जागची हलत नव्हती. पुढचं एक चाक जाम! मी चहाचा कप घेऊन खाली गेलो. मदतीला नव्हे, बघायला. उगाच खोटं कशाला बोलू?

चाक काढून त्यांनी गाडीखाली आडवं सरकवलं होतं. ब्रेकचा कॅलिपर सुतळीने वर टांगला होता. बाजूला नवी डिस्क कागदात गुंडाळलेली. पण जुनी डिस्क गंजून अशी चिकटली होती की निघायचं नाव घेईना.

"गॅरेजवाल्याला बोलवा ना," मी म्हटलं.

"परक्याचा हात तिला चालत नाही."

"मग मोठा हातोडा आणू?"

"सतीशराव! हा जावई आहे, रुसलाय. हातोडा काय घालता? मनधरणी करा, मनधरणी!" असं म्हणून त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, रबरी हातोडीने गोल गोल टकटक केलं, थांबले, पुन्हा टकटक. तोंडाने चालूच, "चला पाहुणे, उशीर होतोय, आई खोळंबल्यात." जावई ढिम्म.

दुपार झाली तेव्हा इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं आणि पावडरीवर काळे ओघळ आले होते. मला, खरं सांगतो, गुदगुल्या होत होत्या. मग त्यांनी डिस्कवरच्या दोन आट्यांच्या भोकांत दोन बोल्ट घातले. "एक तुम्ही फिरवा, एक मी. थोडं थोडं हं. एकाच बाजूने ओढलं तर वाकडं जातं."

मी पाना हातात घेतला. का घेतला, कोण जाणे. थोडं त्यांनी, थोडं मी. आणि एकदम ठण्णकन आवाज होऊन डिस्क सुटली आणि मी बुडावर आपटलो. बाजूला ठेवलेला टॉर्च घरंगळत गाडीखाली गेला. तो काढायला वाकलो तर मागच्या चाकाच्या कडेला जमिनीवर काहीतरी दिसलं. जॅक लावताना गाडी जराशी मागे सरकली असावी. चाकाच्या पुढे चाकाच्याच आकाराचा, रंग न लागलेला एक पट्टा होता.

पार्किंगच्या जमिनीला राखाडी रंग दिला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. रंगाऱ्याने लांब दांड्याच्या रोलरने गाडीखालूनही हात फिरवला होता. चाकांखालचं तेवढं राहिलं होतं. म्हणजे तेव्हापासून ही बाई जागची हललीच नव्हती.

मी वर बघितलं. नार्वेकर माझ्याकडेच बघत होते.

"आईंना सांगू नका," ते हळूच म्हणाले. "दर रविवारी निघतो हो. बेल्ट लावतो, इंजिन चालू करतो. मग वाटतं, जायचं कोणाकडे? तिथे जाऊन गाडी वळवायची आणि यायचं? मग इथेच खांबाआड तासभर बसून राहतो आणि वर येतो. पक्षी पुस्तकातले." त्यांनी बोटांचं वंगण शर्टालाच पुसलं. "'मला घेऊन चल' असं मला कोणी म्हणालंच नव्हतं."

तेवढ्यात वरून गॅलरीतून आईची हाक आली. "काय रे, होतंय का? की उद्या सतीशच्या गाडीतून जाऊ?"

देवाशपथ, हे वाक्य ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते! नार्वेकर खाली मान घालून सुटलेली डिस्क पुसायला लागले.

"झालं, झालं!" मी ओरडलो. "अनंताचीच गाडी जाणार!"

रविवारी आई पुढच्या सीटवर बसून गेली. माझ्या गाडीत ती कायम मागे बसते, पुढे म्हणे तिला गरगरतं. हात केला तो वॉचमनला. गाडी गेली आणि जमिनीवर चार चाकांचे चार डाग उघडे पडले. कोणीही बघितलं असतं तर कर्नाळ्याचं बिंग फुटलं असतं. मी वॉचमनच्या केबिनमागचा उरलेला रंगाचा डबा शोधला आणि जळफळत, उकिडवा बसून चारही डाग रंगवून टाकले.

संध्याकाळी नार्वेकर परतले. ताज्या रंगाकडे त्यांनी बघितलं, मग माझ्या हातांकडे. टोपी काढून हातात फिरवली.

"पुढच्या रविवारी कर्नाळ्याला जाऊ म्हणतात आई," म्हणाले. "तुम्हीही चला ना, सतीशराव. मागची सीट रिकामीच असते."

मागची! माझ्याच आईच्या मागे!

"येतो," मी म्हटलं.