दहावी कुपी

चिंचखेड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या लोखंडी कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली डॉक्टर पंचशीला मॅडमच्या पर्समध्ये, दुसरी कंपौंडर नरसिंगच्या करगोट्याला. आत काय, तर पेथिडीन या दुखणं मारणाऱ्या गुंगीच्या इंजेक्शनच्या दहा कुप्या. आज नरसिंगचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. औषध निरीक्षकांसमोर दहाच्या दहा कुप्या मॅडमच्या ताब्यात द्यायच्या, की निवृत्तीच्या कागदावर सही. लातूर जिल्हा अजून नवाच, त्यामुळे साहेब यायचे शेजारच्या नांदेडहून.

आता द्यायच्या कुप्या आणि व्हायचं मोकळं! पण नरसिंगची हौस दांडगी. मॅडमनी कुलूप उघडून दिलं आणि त्या पेशंट बघायला गेल्या, तसा हा रुमाल घेऊन एकेक कुपी पुसायला बसला. लेकीला सासरी धाडताना आई तोंड पुसते ना, तसं. नऊ पुसून झाल्या. दहावी हातात घेतली आणि दारात जीपचा हॉर्न वाजला. नरसिंग दचकला. कुपी फरशीवर पडून खळ्ळकन फुटली.

"सरका तिकडं, काच लागंल," म्हणत झाडझूड करणारी सुमनबाई बादली घेऊन धावली. नरसिंग 'थांब, थांब' म्हणेपर्यंत तिनं काचा वेचल्या, फरशी पुसली, फडकं पिळलं आणि बादली उचलून बाहेर गेली. पाठोपाठ गावात टँकर आल्याची बोंब उठली. तीन दिवसांनी आलेला टँकर! सुमनबाई घागर घेऊन जी पळाली, ती मागं वळून बघेना.

निरीक्षक हणमंतराव अमली पदार्थांच्या नव्या कायद्याचं पुस्तक बगलेत मारून आत आले.

"कुप्या किती?"

"नऊ, सायब. एक आत्ताच फुटली."

"फुटू द्या. आतलं औषध कुठाय?"

नरसिंगनं आधी पुसलेल्या फरशीकडे आणि मग बादली गेली त्या दाराकडे बोट दाखवलं. तरी डोक्यात किती दिवस घोळणारा प्रश्न त्याला गप्प बसू देईना. "सायब, एक इचारू का? अफू रानात येती, हे कारखान्यात बनतंय. मग दोघाला एकच कायदा कामून?"

हणमंतराव खुलले. असं कोणी विचारतच नसे. "जन्म कुठंही होवो, कायदा गुण बघतो. दोन्ही दुखणं मारतात, दोन्ही गुंगी आणतात, आणि चटक लागली की दोन्ही सुटत नाहीत. म्हणून थेंबाथेंबाचा जबाब लागतो. चला, दाखवा थेंब."

एव्हाना मॅडमही पेशंट बघून परतल्या होत्या; थेंबाच्या शोधात तिघंही मागच्या अंगणात आले. तिथं लिंबाखाली बादली होती रिकामी, आणि बादलीला लागून सुमनबाईचा बोकड चारी पाय ताणून आडवा पसरला होता. दुष्काळात फरशी पुसलेलं पाणीसुद्धा कोणी फेकत नाही, जनावराला दाखवतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आरं देवा! प्यालं की हे," नरसिंग म्हणाला.

मॅडमनी गळ्यातली नळी बोकडाच्या छातीला लावली. बोकडानं एक डोळा उघडला, मॅडमकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. "ठोके ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "साहेब, औषध नष्ट झालं असं लिहून टाका ना."

"नष्ट म्हणजे पुन्हा कुणाच्या पोटात जाता कामा नये, मॅडम. हे दूध किती देतं?"

"सायब, बोकड हाय."

हणमंतराव जरा ओशाळले. मग त्यांनी बोकडाकडे पुन्हा नीट पाहिलं आणि गंभीर झाले. "मग मटण?"

नरसिंगनं कपाळाला हात लावला. त्याच्या निरोपासाठी संध्याकाळी हाच बोकड पडायचा होता! साऱ्या गावाला आवतण गेलं होतं. पण कागद मोठा की रस्सा? त्यानं मुकाट्यानं हमीपत्र लिहून दिलं: सदर बोकड मी आठ दिवस कापणार नाही, कापू देणार नाही. मॅडमनी साक्षीदार म्हणून सही केली. मग कुठं हणमंतरावांनी निवृत्तीच्या कागदावर सही ठोकली आणि जीप धुरळा उडवत नांदेडच्या रस्त्याला लागली.

नरसिंगचे डोळे भरून आले. तीस वर्षांची नोकरी, आणि जाता जाता एका बोकडानं अब्रू राखली. तेवढ्यात सुमनबाई घागर डोईवर घेऊन परतली.

"सुमनबाई, तुझ्या बोकडाला जपून ऱ्हा गं. लई कडक औषध पिऊन ऱ्हायलाय."

"कोन? ह्यो?" सुमनबाईनं बोकडाला पायानं ढोसलं. तो टुणकन उठला आणि लिंबाचा पाला ओरबाडू लागला. "रोज दुपारी असाच पडतोय मुडद्यावानी."

"मग बादलीतलं पानी?"

"म्या कशाला त्याला पाजू? जीप तापली म्हनून डायवर पानी मागत हुता. नितळ पानी कुठून आनू? वतलं तेच जीपच्या विंजनाच्या बंबात."

मॅडम मटकन पायरीवर बसल्या. "नरसिंग, अहो, हे औषध परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायचं नसतं! आणि ते तर साहेबांच्याच जीपमधून निघालंय."

"पळत जाऊ का?" सुमनबाईनं घागर उतरवली. "चढावर गाठीन."

नरसिंगनं दूरवर धुरळ्याकडे पाहिलं. मग सहीच्या कागदाची घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात सारली आणि वरून दोनदा हात फिरवला.

"नगं," तो म्हणाला. "ज्याला थेंबाथेंबाचा जबाब पायजे हुता, त्याच्याच ताब्यात गेलंय."