कानसेनांचं पुनर्मूल्यांकन

"माझ्या रेघारेघांच्या पायजम्याचं इलॅस्टिक कुठे गेलं?" कानसेनांनी सकाळी सकाळी विचारलं.

"सैल झालं होतं, काढलं मी," शिवणयंत्रावरून मान वर न करता बायको म्हणाली. "दुसरा पायजमा घाला आणि गाणी ऐकायला बसा. आणि या वेळी जरा माणसासारखं ऐका!"

तीस वर्षं वर्तमानपत्रात संगीतावर लिहून त्यांना कचेरीत 'कानसेन' हे नाव पडलं होतं. आता संपादकांनी फर्मावलं होतं, की त्या म्हाताऱ्या सायकेडेलिक रॉक बँडच्या उतारवयातल्या तीन तबकड्या पुन्हा ऐका आणि नव्याने लिहा. यात मेख अशी, की त्या बँडचा ड्रमर कानसेनांचा सख्खा मेहुणा होता. बावीस वर्षांपूर्वी कानसेनांनी लिहिलं होतं, 'ड्रमर गाडी चुकेल अशा घाईत वाजवतो, बाकीचे त्याच्यामागे धापा टाकतात.' तेव्हापासून मेहुण्याने बहिणीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"बायकोसाठी मी खोटं लिहिणार नाही," असं बजावून कानसेनांनी तबकडी लावली आणि पाचच मिनिटांत त्यांची पार पंचाईत झाली. गाणं चक्क सुंदर होतं! गायक खर्जात गात होता, गिटारचे सूर हेलकावे खात होते आणि ड्रम कसा संथ, भारदस्त! मग बावीस वर्षांपूर्वी आपण ऐकलं तरी काय? की बायकोच्या धाकाने आता कानच फितूर झाले?

दुपारी ते तडक कानाच्या डॉक्टरकडे गेले.

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्रास काय होतोय?"

"मेहुणा चांगला वाजवतोय असं वाटतंय."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा कानात बॅटरी मारून पाहिली.

अखेर कानसेनांनी मन घट्ट करून लिहिलं, 'मी चुकलो. हा ड्रमर म्हणजे संयमाचा पुतळा आहे.' लेख छापून आला आणि रविवारी मेहुणा दारात हजर झाला. बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. मेहुण्याच्या हातात मात्र पेपर होता आणि कपाळावर आठ्या.

"भावजी, थट्टा करताय का? खर्जातला गायक कुठला? आमचा तर कायम टिपेला ओरडतो. आणि संयम? माझा?"

"अरे, शपथेवर सांगतो! ऐक तूच."

कानसेनांनी तबकडी लावली. मेहुणा ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा ड्रम कोण वाजवतंय?"

"तूच की!"

"मी? शक्यच नाही."

त्याने सुई उचलली, तबकडी काढली, खालची थाळी उपसली आणि आत वाकून पाहिलं. थाळी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या जागी, टोकं शिवलेलं, रेघारेघांच्या पायजम्याचं इलॅस्टिक होतं. त्या सैल इलॅस्टिकवर तबकडी इतके दिवस रेंगाळत, हळू फिरत होती.

"पुसताना पट्टा तुटला हो," बायको पुटपुटली. "सांगितलं असतं तर न ऐकायला तुम्हाला निमित्तच मिळालं असतं. म्हटलं, फिरल्याशी कारण!"

कानसेनांनी आपलं इलॅस्टिक ओळखलं. तीस वर्षांची अब्रू पायजम्याच्या इलॅस्टिकने घालवली होती. "उद्याच चूक कबूल करतो," म्हणत त्यांनी इलॅस्टिक कापायला कात्री उचलली. पण आता मेहुणा पुन्हा बावीस वर्षं येणार नाही, या विचाराने ती जवळ नेऊन पुन्हा मागे घेतली. बायकोने तर तोंडाला पदर लावला.

मेहुण्याने झडप घालून कात्री काढून घेतली.

"खबरदार हात लावाल तर! चाळीस वर्षं सगळे ओरडतात, हळू वाजव, हळू वाजव. जमलंच नाही मला. तुम्ही तेव्हा लिहिलंत ते खरं होतं हो, म्हणून तर झोंबलं. आज पहिल्यांदा मी तालात वाजवतोय." तो बहिणीकडे वळला. "ताई, आधी जेवायला वाढ."

जेवताना त्याने तीच तबकडी दोनदा लावली. निघताना चपला घालता घालता तो घुटमळला.

"ताई, माझ्या घरच्या यंत्रालाही असंच एक बसवून दे ना. आहे का गं तसलं आणखी?"

ताईने नवऱ्याच्या कमरेकडे पाहिलं. मेहुण्यानेही पाहिलं.

कानसेनांनी दोन्ही हातांनी पायजमा घट्ट धरला आणि ते एकेक पाऊल मागे सरकू लागले.