दादाचं पाकीट

रोज खाल्लं तर चालतं का? दादाचा हा प्रश्न मी किराणावाल्याला विचारला, मेडिकलवाल्यालाही विचारला. उत्तर कुणी दिलं नाही.

सोमनाथदादाला केकच्या पाकिटामागचं बारीक अक्षरातलं वाचायची खोड होती. तिथं 'इमल्सिफायर ४७१' लिहिलेलं असायचं. मेडिकलवाला म्हणाला, "तेल अन् पाणी एकत्र धरून ठेवतंय. केक मऊ राहतो. ठरल्या मापात सरकारची परवानगी हाय."

"पण रोज खाल्लं तर?"

"गिऱ्हाईक थांबलंय बे, सरक."

त्याच आठवड्यात उमापूर फाट्यावर टेम्पोनं दादाला उडवलं. दादा गेला, प्रश्न माझ्याकडं राहिला.

दहाव्याला आवडीचं ठेवतात, म्हणून मी (सातवी नापास, पण डोकं चालवायची हौस) नदीकाठी पिंडाशेजारी तोच केक पाकिटासकट ठेवला. जो माणूस एवढा वेळ पाकीट हातात धरून बसतो, त्याला ते आवडतच असणार.

कावळे बाभळीवर बसले, खाली एकही येईना. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय पाणी घेणार नाही, असं म्हणून आई उन्हात बसलेली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सोमनाथ, तुझ्या पोरीला, आरोहीला शिकवू," आप्पारावमामा म्हणाले. कावळा ढिम्म.

"आईला सांभाळतो," मी म्हणालो. एक कावळा उडाला आणि लांब जाऊन बसला. (माझ्यावर कुणाचाच भरवसा नाही.)

मग स्वप्नालीवहिनी बोलली. "भावजी, केक काहून ठेवला? ते कधी खात नव्हते. नुसतं वाचायचे. आरोहीलासुदिक खाऊ देत न्हवते."

"जल्मभर नको म्हणला, तेच वाढलं व्हय रं?" मामा म्हणाले. "उचल ते."

उचलून टाकायचं कुठं? नदीत टाकवेना. मी तिथंच बसून खाल्ला.

"सुतकात केक खातंय," मामा कपाळाला हात लावून म्हणाले.

लई मऊ होता. सगळा संपवला. "दादा," मी म्हणालो, "आजचं तर चाललं. रोजचं मला म्हाईत न्हाई."

कावळा उतरला तो थेट माझ्या ताज्या टकलावर. तिथून खाली आला आणि मान वाकडी करून माझ्या हातातल्या रिकाम्या पाकिटाकडं बघत राहिला. दादा असाच बघायचा.

"भावजी," वहिनी हळूच म्हणाली, "पाकीट उलटं धरलंय."

कावळ्यानं भाताला चोच लावली. आईनं तांब्या उचलला. मी पाकीट सुलटं केलं, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत तसंच धरून बसलो.